तातडीचा दात, सावकाश हाड

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब. आजरा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून दाताच्या डॉक्टरकडे शहरात यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि गळीत हंगामात तो दिवस काढणंही अवघड जातं. म्हणून कोल्हापुरातल्या दातांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, दाढ काढायचीच आहे, तर त्याच वेळी स्क्रू बसवून टाका की. परत परत कशाला?"

प्रश्न रास्त आहे आणि बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत उत्तर 'हो, बसवता येईल' असंच असतं. दात काढला त्याच बैठकीत त्या खड्ड्यात टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवायचा ही पद्धत आता जगभर रुळली आहे. पण 'लगेच बसवला' याचा अर्थ 'लगेच भरून आलं' असा होत नाही. इम्प्लांट बसवायला तासभर पुरतो. त्याच्याभोवती हाड घडायला काही महिने लागतात आणि ते महिने कुठल्याही डॉक्टरला कमी करता येत नाहीत. त्या महिन्यांत जबड्याच्या आत काय चालतं, हे कळलं की डॉक्टरांच्या सूचना जाचक वाटत नाहीत. त्यामागची कारणं दिसू लागतात.

दात गेल्यावर जबड्यात काय उरतं

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. हे तंतू दाताला झोळीत धरल्यासारखं हाडाशी बांधून ठेवतात, चावताना बसणारा दाब पेलतात आणि त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या आजूबाजूच्या हाडाला पोसतात. तंतूंची टोकं हाडाच्या ज्या पातळ अस्तरात रुजलेली असतात त्याला 'बंडल बोन' म्हणतात. हे अस्तर दातासाठीच तयार झालेलं असतं. दात गेला की त्याचं काम संपतं, रक्तपुरवठा तुटतो आणि शरीर ते विरघळवून टाकतं.

एरवी हे अस्तर गेल्यानं फारसं बिघडलं नसतं. पण वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला हाडाची भिंत मुळातच कागदासारखी पातळ असते. 2010 साली युरोपातल्या काही केंद्रांनी मिळून, दात काढून लगेच इम्प्लांट बसवताना ही भिंत प्रत्यक्ष मोजली. पुढच्या दातांच्या 87 टक्के जागी तिची जाडी 1 मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी भरली. एवढ्या पातळ भिंतीचा बराचसा भाग बंडल बोनचाच असतो. त्यामुळे दातापाठोपाठ ती भिंतही खचते आणि हिरडी आत बसते. पुढचा दात पडल्यावर काही महिन्यांनी माणसाचा ओठ त्या जागी दबलेला दिसतो तो यामुळेच.

ही झीज किती होते? 2003 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात दाढा आणि उपदाढा काढलेल्या 46 जणांना वर्षभर तपासलं गेलं. जबड्याच्या कडेची रुंदी सरासरी 12 मिलिमीटरवरून 5.9 मिलिमीटरवर आली होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. दात काढून वर्षानुवर्षं तसेच राहिलेल्या लोकांना पुढे "हाड शिल्लक नाही" असं ऐकावं लागतं, त्याचं मूळ या आकड्यांत आहे.

इतका वेळ का थांबत होते

काढलेल्या दाताच्या जागी लगेच काहीतरी रोवण्याची कल्पना जुनीच आहे. 1809 साली मॅजिओलो या दंतवैद्यानं ताज्या खड्ड्यात सोन्याचं कृत्रिम मूळ बसवण्याची पद्धत लिहून ठेवली. सोनं हाडाशी जुळलं नाही. पुढे शतकभर अनेक धातू वापरून पाहिले गेले आणि बहुतेकांभोवती हाडाऐवजी तंतूंचं मऊ आवरण तयार झालं. असं आवरण झालं की कृत्रिम मूळ हलू लागतं, पू होतो आणि ते काढावं लागतं.

गाठ सुटली ती स्वीडनमध्ये. 1952 साली पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. काम संपल्यावर ते उपकरण काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. टायटॅनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, स्थिर थर धरतो. शरीर त्या थराला परकं मानून झिडकारत नाही, हाडाच्या पेशी त्याला सरळ चिकटतात. ब्रोनेमार्क यांनी या जोडणीला पुढे 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव दिलं. 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. तो रुग्ण 2006 साली वारला, तोवर ते चाळीस वर्षं त्याच्या तोंडात टिकले होते.

ब्रोनेमार्क यांची शिस्त कडक होती. आधी दात काढून जबडा महिनोन्महिने भरू द्यायचा. मग इम्प्लांट बसवून वर हिरडी शिवून टाकायची. खालच्या जबड्यात तीन आणि वरच्यात सहा महिने त्याला कसलाही भार द्यायचा नाही. त्यानंतर हिरडी पुन्हा उघडून दात चढवायचा. सगळं मिळून वर्षाहून अधिक काळ जाई. पण या शिस्तीमुळेच इम्प्लांट ही भरवशाची गोष्ट ठरली.

थांबण्याचा हा काळ कमी करता येईल का, हे जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये शुल्टे यांनी 1970 च्या दशकात पाहिलं. त्यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा इम्प्लांट दात काढल्याबरोबर बसवला. 1989 साली अमेरिकेतल्या रिचर्ड लझारा यांनी ताज्या खड्ड्यात इम्प्लांट बसवून त्यावर संरक्षक पडदा घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे 'इमिजिएट इम्प्लांट' हा शब्द दवाखान्यांत रुळला.

आज डॉक्टर या वेळेचे चार प्रकार मानतात : दात काढताच, हिरडी भरल्यावर म्हणजे चार ते आठ आठवड्यांनी, हाड अर्धवट भरल्यावर म्हणजे बारा ते सोळा आठवड्यांनी, आणि खड्डा पूर्ण भरल्यावर म्हणजे सहा महिन्यांनंतर. यांतला कुठलाच प्रकार सरसकट चांगला किंवा वाईट नाही. कोणता निवडायचा हे त्या माणसाच्या हाडावरून, हिरडीवरून आणि सवयींवरून ठरतं.

पहिल्या तीन महिन्यांची गोष्ट

मूळ गोल नसतं. पुढच्या दाताचं मूळ त्रिकोणी किंवा अंडाकृती असतं, दाढेला दोन-तीन मुळं असतात. इम्प्लांट मात्र गोल. त्यामुळे ताज्या खड्ड्यात तो चारही बाजूंनी हाडाला टेकत नाही. त्याची खरी पकड मुळाच्या टोकापलीकडच्या तीन ते पाच मिलिमीटर अखंड हाडात असते, आणि वरच्या पुढच्या दातांत टाळ्याकडच्या भिंतीत. दाढेच्या जागी तो बहुधा मुळांमधल्या हाडाच्या पडद्यात रोवतात. ओठाकडच्या बाजूला मुद्दाम फट ठेवली जाते. भरून येण्याची सगळी कहाणी या फटीत घडते.

इम्प्लांट बसल्यावर काही मिनिटांतच फटीत रक्त साचून गोठतं. ही गुठळी म्हणजे उरलेला कचरा नव्हे. तिच्यातल्या फायब्रिनच्या तंतूंचं जाळं खड्ड्याच्या भिंतीपासून इम्प्लांटच्या खरखरीत पृष्ठभागापर्यंत पसरतं, आणि पेशी त्याच जाळ्यावरून पुढे सरकतात. रक्तातल्या बिंबिका वाढीचे घटक सोडतात, त्यांच्या हाकेवर पुढच्या पेशी येतात. म्हणून पहिल्या दिवशी चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉनं ओढून पिऊ नका, असं सांगतात. यांतल्या कुठल्याही गोष्टीनं ही गुठळी निखळू शकते.

पुढचे दोन-तीन दिवस पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. सूज आणि ठणका याच काळात असतो. पहिला आठवडा संपता संपता गुठळीची जागा नव्या रक्तवाहिन्यांनी भरलेली कोवळी ऊती घेते आणि तिच्यात हाड घडवणाऱ्या पेशी काम सुरू करतात. दुसऱ्या आठवड्यात पहिलं कोवळं हाड दिसतं. ते दोन बाजूंनी वाढतं : खड्ड्याच्या भिंतींकडून इम्प्लांटकडे आणि इम्प्लांटच्या पृष्ठभागावरूनही बाहेरच्या दिशेनं. हे हाड घाईनं विणलेलं, विस्कळीत आणि नाजूक असतं.

याच काळात सगळ्यात फसवी गोष्ट घडते. बसवताना इम्प्लांटला जे घट्टपण येतं ते जुन्या हाडात आट्यांनी रुतल्यामुळे. पण त्या दाबाखालचं जुनं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं, कारण तिथे नवं घडवायचं असतं. जुनी पकड सैल होते आणि नवी अजून पक्की व्हायची असते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांटचं घट्टपण सगळ्यात कमी झालेलं असतं. आणि नेमक्या याच दिवसांत रुग्णाला बरं वाटू लागतं. सूज उतरलेली, ठणका थांबलेला, टाके निघालेले; माणूस त्या बाजूनं चावायला लागतो. इम्प्लांट हाडात मिलिमीटरच्या दशांशाहून अधिक वारंवार हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतूंचं आवरण धरतं, म्हणजे ब्रोनेमार्कच्या आधीच्या काळात धातूंचं जे झालं तेच. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं, असा हिशोब त्या आठवड्यांत कधीच करू नये.

सहाव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत विस्कळीत हाडाची जागा थरांनी रचलेलं मजबूत हाड घेतं. हिरडीचीही जुळणी होते. तिच्या वरच्या पेशी इम्प्लांटला चिकटून एक गळपट्टा तयार करतात, त्याला पक्कं व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. नैसर्गिक दातात हिरडीचे तंतू मुळात रुजतात. इम्प्लांटमध्ये मात्र ते त्याच्या कडेनं समांतर किंवा गोल फिरतात. त्यामुळे हा गळपट्टा नैसर्गिक दाताच्या मानानं नाजूक राहतो आणि आयुष्यभर स्वच्छता मागतो. हाडाची आतली पुनर्रचना पुढे वर्षभर चालूच असते.

इम्प्लांट झीज थांबवतो का

सुरुवातीच्या काळात डॉक्टरांना मोठी आशा होती की लगेच इम्प्लांट बसवला तर हाडाला आधार मिळेल आणि भिंत खचणार नाही. ब्राझीलचे मौरिसियो आराउजो आणि स्वीडनचे यान लिंडे यांनी 2005 च्या सुमारास कुत्र्यांच्या जबड्यांवर हे काळजीपूर्वक तपासलं. इम्प्लांट असो वा नसो, गालाकडची भिंत खचलीच. माणसांवरचा 2004 सालचा अभ्यासही तेच सांगतो. 18 रुग्णांमध्ये ताज्या खड्ड्यात 21 इम्प्लांट बसवले आणि चार महिन्यांनी हिरडी पुन्हा उघडून पाहिलं. आतल्या फटी बहुतेक हाडानं भरल्या होत्या. पण त्याच वेळी बाहेरून गालाकडची भिंत आपल्या मूळ मापाच्या 56 टक्क्यांनी आणि जिभेकडची 30 टक्क्यांनी घटली होती.

कारण साधं आहे. बंडल बोन दातासाठी होतं आणि इम्प्लांट दात नाही. त्याला तंतू नाहीत, त्या तंतूंतून येणारं रक्त नाही. एका बाजूनं फट भरत येते, दुसऱ्या बाजूनं बाहेरची भिंत खचत जाते. दोन्ही कामं एकाच महिन्यांत, एकाच जागी चालू असतात. या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण मला हे वाटतं, आणि अनेकांच्या तोंडात चमकणाऱ्या इम्प्लांटमागे दडलेली गोष्टही हीच आहे.

भिंत किती जाड, यावर सगळं अवलंबून असतं. 2013 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या अभ्यासात पुढचे दात काढल्यानंतर आठ आठवड्यांनी स्कॅन केले. ज्यांची भिंत 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ होती त्यांच्या हाडाची उंची मध्यावर 7.5 मिलिमीटरनं उतरली होती. ज्यांची त्याहून जाड होती त्यांची फक्त 1.1 मिलिमीटरनं. तेच ऑपरेशन, पण भिंतीच्या जाडीतल्या किंचित फरकानं निकाल पालटतो. म्हणूनच पुढच्या दातासाठी आधी जबड्याचा त्रिमितीय सीबीसीटी स्कॅन करायला सांगणारा डॉक्टर उगाच खर्च वाढवत नसतो.

डॉक्टरच्या हातात काय आहे

निसर्गाची ही झीज थांबवता येत नाही, पण तिच्याशी जुळवून घेता येतं. चांगला डॉक्टर दात उपटत नाही. बारीक हत्यारानं तंतू सोडवतो, दाढ असेल तर मुळं वेगळी करून एकेक काढतो, म्हणजे भिंत मोडत नाही. शक्य असेल तर हिरडी हाडापासून सोलत नाही. तंतूंकडचं रक्त आधीच तुटलेलं असतं. हाडाच्या बाहेरच्या पापुद्र्याकडून येणारं तेवढं उरतं. तेही तोडलं तर पातळ भिंतीला कोणीच वाली राहत नाही.

इम्प्लांट ओठाकडे नव्हे, तर टाळ्याकडे सरकवून बसवतात. भोक पाडताना सतत थंड सलाईन सोडतात. 1983 साली सशांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की हाड 47 अंश सेल्सियसला मिनिटभर तापलं तरी त्याचं नुकसान होतं. शेवटी इम्प्लांट साधारण 30 ते 35 न्यूटन-सेंटिमीटर इतक्या टॉर्कनं आवळतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेल्या कारागिराला हे वेगळं समजावून सांगायला नको : आटा पाडताना कूलंट थांबला तर काम जळतं, आणि बोल्ट ढिला राहिला काय किंवा गरजेपेक्षा जास्त आवळला काय, आटा बिघडतोच. फरक इतकाच की इथला आटा जिवंत हाडात पडतो.

ओठाकडची फट दोन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर तिच्यात हाडाचे कण भरतात. हे कण फार सावकाश विरघळतात, तोवर नव्या हाडाला आधार देतात आणि भिंत खचली तरी बाहेरचा आकार बऱ्यापैकी टिकवून धरतात. पातळ हिरडीच्या रुग्णांत टाळ्याची थोडी हिरडी काढून तिथे बसवतात. 2010 साली जर्मनीतल्या मार्कुस ह्युर्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक वाट दाखवली : दाताच्या मुळाचा ओठाकडचा पापुद्र्याएवढा तुकडा मुद्दाम जागेवर ठेवायचा, म्हणजे त्याच्याशी जोडलेले तंतू आणि बंडल बोन जिवंत राहतात. फार कौशल्याचं काम आहे, पण त्यामागचा विचार नेमका आहे. जे हाड दातासाठी आहे, त्याच्यासाठी दाताचा एक तुकडा राखून ठेवायचा.

इथे आपल्या भागातल्या वाचकांनी एक गोष्ट विचारून घ्यावी. जगात सर्वात जास्त वापरले जाणारे हाडाचे कण गुरांच्या हाडांवर प्रक्रिया करून बनतात आणि संरक्षक पडदे पुष्कळदा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनपासून. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात जैन आणि लिंगायत कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. मुस्लिम कुटुंबंही आहेत. कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम कण आणि इतर पर्यायही मिळतात. रुग्णाचा धर्म किंवा आहार यांच्याशी न जुळणारी वस्तू त्याला न सांगता त्याच्या शरीरात घालणं योग्य नाही. ऑपरेशनच्या आधी विचारलं तर डॉक्टर पर्याय देऊ शकतो; नंतर विचारलं तर फक्त खंत उरते. काही डॉक्टर रुग्णाचंच रक्त फिरवून त्यातून फायब्रिनची घट्ट पट्टी काढतात आणि ती जखमेवर घालतात. 2001 साली फ्रान्समध्ये पुढे आलेली ही पद्धत हिरडी लवकर भरायला मदत करते. हाडाच्या बाबतीत तिचा फायदा तितकासा ठाम नाही.

कोणाला लगेच नको

2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात लगेच बसवलेल्या इम्प्लांटपैकी सुमारे 95 टक्के टिकले, खड्डा भरल्यावर बसवलेल्यांपैकी सुमारे 99 टक्के. फरक लहान आहे, पण आहे. योग्य रुग्ण निवडला तर तो आणखी कमी होतो. चुकीचा निवडला तर वाढतो.

खड्ड्याच्या भिंती मोडलेल्या असतील, ताजा पू वाहत असेल, मुळापलीकडे पुरेसं हाड नसेल, तर थांबणं हिताचं. खालच्या मागच्या दाढेपाशी जबड्यातली मोठी नस जवळून जाते, तिथेही मुळाखाली जागा मोजूनच ठरवावं लागतं. मधुमेह असेल तर आधी तीन महिन्यांची साखर आटोक्यात आणावी. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्त होतात आणि हाड घडवणं मंदावतं. हाडं ठिसूळ होण्यावर बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं चालू असतील, किंवा तोंडाच्या कॅन्सरसाठी जबड्यावर किरणोपचार झाले असतील, तर दात काढण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं. ही माहिती लपवली तर जबड्याचं हाडच सडू शकतं. पायोरियानं हललेले दात काढून इम्प्लांट बसवायचे असतील, तर उरलेल्या दातांचा पायोरिया आधी बरा करायला हवा. नाहीतर तेच जंतू इम्प्लांटभोवतीचं हाड खातात.

आणि तंबाखू. निपाणीची तंबाखूची पेठ कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि कागल, गडहिंग्लज, निपाणी हा सारा पट्टा तंबाखूच्या शेतीशी आणि बिडीच्या व्यवसायाशी वर्षानुवर्षं बांधलेला आहे. पुरुषांच्या ओठाखाली चुना लावलेल्या तंबाखूची गोळी आणि अनेक घरांतल्या बायकांच्या बोटावर सकाळी मिश्री, हे इथलं रोजचं दृश्य. निकोटिननं लहान रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे ज्या काळात नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या असतात त्याच काळात रक्त कमी पडतं. चुन्यानं हिरडीचा वरचा थर पोळतो. मिश्री बोटानं घासताना नुकतीच जुळू लागलेली हिरडी रोज सकाळी पुन्हा उकलते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं, हे वारंवार दिसून आलं आहे. म्हणून आपल्याकडे इम्प्लांटचा विचार करताना पहिला प्रश्न कंपनीचा किंवा किमतीचा नसावा. तंबाखू किमान तीन महिने आणि शक्य तर कायमची सुटेल का, हा असावा. मिश्री वापरणाऱ्या स्त्रियांना हा प्रश्न थेट आणि आपुलकीनं विचारायला हवा, कारण त्यांतल्या अनेकींना मिश्री ही तंबाखू आहे हेच कोणी सांगितलेलं नसतं.

घरी काय करायचं

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, मऊ आणि कोमट खाणं, डोकं उशीवर उंच. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्यानं हळुवार गुळण्या, जोरात नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात, बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडू नयेत. पहिले दोन आठवडे पेज, मऊ भात, आंबील, खिमट, शिजवलेल्या भाज्या, अंडी, दूध यांवर काढावेत. मिसळीतली शेव-फरसाण आणि भडंग यांचे कण जखमेत अडकतात; तिखट, कढत तांबडा रस्सा जखमेला झोंबतो. ऊस सोलणं, हुरडा, चिक्की, मटणाची नळी हे सगळं त्या बाजूला किमान तीन महिने बंद. डॉक्टरांनी पुढचा दात लगेच तात्पुरता चढवला असेल तर तो दिसण्यासाठी आहे, चावण्यासाठी नाही. त्याला समोरच्या दाताचा स्पर्शही होऊ नये म्हणून तो मुद्दाम किंचित आखूड ठेवलेला असतो.

साधारण सात ते दहा दिवसांनी टाके काढायला जावं लागतं, मग महिन्या-दीड महिन्यानं तपासणी, आणि तीन महिन्यांच्या सुमारास पक्क्या दाताचं माप. वरच्या जबड्याचं हाड पोकळसर असतं, म्हणून तिथे थोडं जास्तही थांबावं लागतं. 1990 च्या दशकात वाळूचा मारा आणि आम्लाची प्रक्रिया केलेले खरखरीत पृष्ठभाग आले, त्यांमुळे हा काळ काही रुग्णांत कमी झाला. पण ताज्या खड्ड्यात आणि हाडाचे कण भरलेले असताना घाई न केलेली बरी. ठणका वाढत गेला, तोंडाला घाण वास आला, इम्प्लांट हलतोय असं वाटलं, किंवा खालचा ओठ बधिर राहिला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावं.

खर्च परवडत नसेल तर घाईनं स्वस्त इम्प्लांट बसवून घेण्यापेक्षा दंत महाविद्यालयाचा मार्ग चांगला. वारणा भागात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगली-कराडकडेही महाविद्यालयं आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण तपासणी बारकाईनं होते. आणि ज्याला तंबाखू सोडणं जमणार नाही किंवा तीन महिने जपणं शक्य नाही, त्यानं ब्रिज किंवा कवळीचा पर्याय मोकळेपणानं स्वीकारावा. त्यात कमीपणा काहीच नाही. चुकीच्या तोंडात बसवलेला महागडा इम्प्लांट निघाला की पैसा जातोच, सोबत उरलंसुरलं हाडही जातं.

तेव्हा दाढ काढायला गेलेल्या माणसानं डॉक्टरांना इतकं जरूर विचारावं : माझ्या खड्ड्याच्या भिंती शाबूत आहेत का, मुळापलीकडे हाड किती आहे, फटीत काय भरणार आणि ते कशापासून बनलं आहे, आणि मला कधीपासून चावता येईल. या चार प्रश्नांची स्पष्ट उत्तरं देणारा डॉक्टर तुमचा एक ऑपरेशनचा दिवस आणि कदाचित एक हेलपाटा वाचवेल. पण इम्प्लांट टिकेल की नाही, हे त्या ऑपरेशनइतकंच त्यानंतरच्या बारा आठवड्यांत ठरतं, आणि ते आठवडे रुग्णाच्या हातात असतात.